पाठीवरचा अंगठा

वाशिंद,
१० फेब्रुवारी २०२५

मीने,

तुझा फोन लागत नाही, आणि लागला तर वाडीच्या टाकीपाशी उभी राहून तू नुसतं ‘हां, बोल, हां, बोल’ करतेस आणि तो कट होतो. म्हणून हॉस्टेलच्या सुट्टीत लिहायचो तसं लांबलचक पत्र मेलने पाठवते आहे. मुरबाडला बाजाराला गेलीस की वाच आणि तिथूनच उत्तर दे.

नोकरीचं तुला कळलंच आहे. ठाण्यातली छोटी कंपनी. त्यांचं एक सॉफ्टवेअर आहे, पानजोड. त्याला वर्डची फाइल द्या, एक्सेलचा तक्ता द्या, फोनने काढलेले कागदांचे फोटो द्या, ते सगळ्याची मिळून एक पीडीएफ करून देतं. पण पानजोड माणसं चालवत नाहीत, एआय एजंट चालवतात. एजंट म्हटल्यावर तुला आरटीओबाहेर टेबल टाकून बसलेला माणूस दिसला असेल. तसाच समज. तुम्ही त्याला काम सांगायचं, तो पानजोडकडे येऊन करून घेणार. आणि ते कसं करून घ्यायचं हे तो जिथे वाचतो, ते पान मी लिहिते. त्याला डॉक्युमेंटेशन म्हणतात.

मला वाटलं, लिहायची नोकरी, मजा. डोंबलाची मजा. माझा वाचक माणूसच नाही. तो हसत नाही, जांभई देत नाही, ‘ताई, हे नाय कळलं’ असं म्हणत नाही. न कळलेलंही कळल्यासारखं करून मोकळा होतो आणि वर सांगतो, काम यशस्वी. मी लिहिलं, फाइल मोठी असेल तर लहान कर. त्याने एकाचा सातबारा इतका लहान केला की भिंग लावूनही नाव दिसेना. मी लिहिलं, शेवटी फाइल तपासून घे. त्याने काय तपासलं, तर फाइल आहे की नाही. आहे. झालं तपासून.

त्यात आमचे अनिल सर. मी ‘कृपया’ लिहिलं की खोडतात, कारण लिहिलं की खोडतात. यंत्राला कारण कशाला, म्हणे, हुकूम दे. मार्चअखेर हे पान पास झालं तर मी कायम, नाहीतर पुन्हा इथल्या कारखान्यात पॅकिंगला. ते मी करून बसले आहे, मीने. पुन्हा त्या पट्ट्यापुढे उभं राहायचं नाही मला.

तुझं सांग. अंगणवाडीतली पोरं अजून तुझी ओढणी ओढतात का?

तुझी वैतागलेली,
कुणाली


भोकरवाडी,
१९ फेब्रुवारी

कुणे,

न कळलेलं कळल्यासारखं करणारे मला रोज भेटतात आणि त्यांना पगारही मिळतो. तू उगाच रडतेस.

रडायचं तर माझं ऐक. वाडीच्या वरच्या डोंगरावर खडीचं क्रशर येतंय. त्याच डोंगरातून आमचा झरा उतरतो. खाली बुडकी खणली आहे, हंडा बुडेल एवढीच, पण भर मे महिन्यात अख्खी वाडी तिच्यावर जगते. वर सुरुंग लागले की झरा जाणार, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. सरकारने हरकती मागवल्या आहेत, पण ऑनलाइन, सगळ्यांची मिळून एकच पीडीएफ, आणि ती ठरलेल्या वजनाच्या आत हवी. आमच्या वाडीचा मंगळ्यादादा म्हणत होता, सगळी मिळून जाऊ नि कागद साहेबाच्या हातात देऊ. मीच शहाणी. म्हटलं, दादा, आता तसं नसतं, मी करते.

प्रत्येक घराची हरकत वेगळ्या कागदावर घेतली आहे. तरण्यांनी खाली सह्या केल्या. म्हाताऱ्यांचे अंगठे. आणि डोंगराला लागून जी शेतं आहेत ती या म्हाताऱ्यांच्याच नावावर, म्हणजे खरं वजन त्यांच्याच हरकतीला.

आमच्याकडे अंगठा कसा देतात ते तुला हॉस्टेलात सांगितलं होतं, विसरली असशील. आमचा अंगठा कागदाच्या पाठीवर. आमची म्हातारी हिरीबाय, तिच्या बापाच्या काळात एका ठेकेदाराने मजकूर नि अंगठा यांच्या मधल्या कोऱ्या जागेत दोन ओळी घुसवल्या आणि वाडीचा पळसाचा माळ गेला. तेव्हापासून मजकूर पुढच्या अंगाला आणि पाठीवर अंगठा, एकटा. तिथे एक अक्षर जरी दिसलं तरी ते मागाहून घुसवलेलं, हे कोणालाही कळावं. मी विचारलं, खाली नाव तरी लिहू का? हिरीबाय म्हणाली, “आंगठ्याला नाव कशाला गो? नाव कोणी बी लिवंल.”

प्रत्येकाच्या उंबऱ्यावर बसून, मजकूर वाचून दाखवून अंगठे घेतले. मग दोन्ही बाजूंचे फोटो काढले आणि मुरबाडच्या झेरॉक्स-नेटच्या दुकानात गेले. फाइल काही वर चढेना. दुकानवाला म्हणाला, मॅडम, पाठची पानं काढू का, हलकी होईल. मी त्याच्याकडे असं पाहिलं की बिचाऱ्याने माउसवरचा हात काढून घेतला.

तुझा तो बिनजांभईचा एजंट हे करून देईल का? मुदत थोडीच उरली आहे.

मीना


वाशिंद,
२१ फेब्रुवारी

मीनाबाई,

देईल म्हणजे काय, धावत करून देईल. खाली लिंक पाठवली आहे. सगळे फोटो टाक आणि साध्या मराठीत सांग: याची एक पीडीएफ कर, इतक्या वजनाच्या आत. तुझा एक पैसा जाणार नाही, उलट आम्हालाच खरी कामं तपासायला हवी आहेत. तुझी फाइल ही माझ्या पानावरची पहिली खरी फाइल. ती नीट गेली तर मी अनिल सरांच्या टेबलावर नाचीन.

पत्र घाईत लिहिते आहे, तुझंही घाईतच वाचलं. आज माझा दिवस चांगला गेला, तेवढं सांगते. मोठ्या गिऱ्हाइकांची ओरड होती की पीडीएफ जड होते, स्कॅनरमधून कोरी पानं येतात. सर म्हणाले, एक ओळ टाक: पाठवण्याआधी रिकामी पाने काढून टाक. मी विचारलं, रिकामं म्हणजे नेमकं काय? आमचा हर्षित, ज्याने पानजोड बनवलं, तो मान वर न करता म्हणाला, ज्यावर अक्षर नाही ते. मी तसंच लिहिलं. इतक्या दिवसांत माझं पहिलं वाक्य न खोडता पास झालं, मीने. घरी येताना स्टेशनबाहेर मी एकटीने दोन वडापाव खाल्ले.

हिरीबायला नमस्कार सांग. मी तुझ्याकडे आले होते तेव्हा त्यांनी नाचणीची भाकर दिली होती, ती चव अजून आठवते.

कुणाली


भोकरवाडी,
३ मार्च

कुणे,

गेली. एका दमात गेली. तुझ्या एजंटाने ‘काम यशस्वी’ म्हणून लिहून दिलं आणि तिकडून पोहोच पण आली. मुरबाडचा दुकानवाला डोळे फाडून बघत होता. इतकं ओझं एवढं हलकं कसं झालं, म्हणाला. मी म्हटलं, माझी मैत्रीण लिहिते ते.

वाडीत सांगितलं तर मंगळ्यादादा पहिल्यांदाच माझ्यावर खूश झाला. हिरीबायने तुझ्यासाठी वाल बांधून ठेवले आहेत. सुनावणी एप्रिलात.

नाच आता टेबलावर.

मीना


भोकरवाडी,
९ एप्रिल

कुणाली,

सुनावणी झाली. वाडीतून टेम्पो करून आम्ही सगळी गेलो होतो. साहेबाने फाइल उघडली आणि तरण्या पोरांची नावं वाचली. मग म्हणाला, डोंगराला लागून ज्यांची जमीन आहे त्यांची तर हरकतच दिसत नाही. मजकूर आहे, पण खाली सही नाही, अंगठा नाही, कोणीही छापून पाठवलेले कागद हे. क्रशरवाला भिंतीला टेकून फोनमध्ये हसत होता.

हिरीबाय उभी राहिली. तिला कमरेतून सरळ होता येत नाही, तरी राहिली. म्हणाली, “मी आंगठा दिला व्हता. तो कुठं गेला?”

साहेबाला नाही विचारलं तिने. माझ्याकडे बघून विचारलं.

येताना टेम्पोत माझ्या शेजारची जागा रिकामी राहिली. रात्रीत वाडीभर झालं की मीनाने अंगठे क्रशरवाल्याला दिले. मंगळ्यादादा माझ्या दारात येऊन म्हणाला, “हातात देऊ म्हणत व्हतो आमी. तूच बोलली, मी करते.” मग गेला. आज अंगणवाडीत चारच पोरं आली. बाकीच्यांच्या आयांनी पाठवलीच नाहीत.

पुन्हा म्हणणं मांडायला पुढच्या महिन्यात एक तारीख दिली आहे, तीही हातापाया पडून. तोवर मला सांग, तुझ्या यंत्राने काय केलं?

मीना


वाशिंद,
११ एप्रिल

मीना,

वाचून धक्काच बसला. पण यंत्रावर खापर फोडण्याआधी जरा शांतपणे बघू या. पानजोड अशी पानं हरवत नाही. तुझ्या फोनने पाठच्या बाजूचे फोटो नीट काढले होते का? शाई फिकी असेल तर फोटोत उमटत नाही. मुरबाडच्या नेटवर चढवताना काही फोटो राहिले असतील. दुकानवाल्याने मध्येच काही केलं नाही ना? तो पानं काढू म्हणत होता, हे तूच लिहिलं होतंस.

आमचं पान ३१ मार्चला पास झालं. मी सहा महिन्यांच्या मुदतीवर आहे आता, पुढे कायम करतील. तुला सांगायचं राहून गेलं.

वाडीची माणसं रागावली आहेत, शांत होतील.

कुणाली


भोकरवाडी,
१४ एप्रिल

कुणाली,

अभिनंदन.

फोटो माझ्या फोनमध्ये आहेत, सगळे, पाठच्या बाजूंसकट. सोबत पाठवते. अंगठे जांभळे, ठसठशीत. शाईचा पॅड मी नवा घेतला होता.

आणि दुकानवाल्याचं म्हणशील तर त्या माणसाने काढू का म्हणून निदान विचारलं होतं.

मीना


वाशिंद,
२० एप्रिल

मीने,

तुझे फोटो उघडले. पाठीवर एकटा अंगठा. तू फेब्रुवारीतच सगळं लिहिलं होतंस, अक्षर नको म्हणूनही लिहिलं होतंस. आणि मी त्याच पत्राच्या उत्तरात तुला फुशारकीने सांगितलं की अक्षर नसेल ते पान रिकामं. दोन्ही पत्रं आज एकापुढे एक ठेवून वाचली. मला माझीच लाज वाटली, आणि त्याहून जास्त त्या ‘तुझ्या फोनने’ आणि ‘दुकानवाल्याने’ची. नोकरीच्या भीतीने लिहिलं ते. खोटं नाही सांगत.

हर्षितकडून तुझ्या कामाची नोंद काढून घेतली. एजंटाने फोटो घेतले, माझं पान वाचलं, अंगठ्याचं प्रत्येक पान पाहिलं आणि काढून टाकलं. कुठेही चुकला नाही. मी सांगितलं तसं अगदी तंतोतंत केलं. एखादं पान चुकून राहिलं असतं तर बरं झालं असतं, इतका तो हुकमाचा ताबेदार.

अनिल सरांकडे गेले. म्हटलं, ओळ बदलते: अक्षर नसलेले पान रिकामे धरू नकोस, काढण्याआधी माणसाला विचार. ते म्हणाले, दर वेळी माणसाला विचारायचं तर एजंट कशाला? एका वाडीसाठी सगळ्या गिऱ्हाइकांची फाइल जड करायची का? मी म्हटलं, ती वाडीची पाण्याची जागा आहे सर. ते म्हणाले, वाईट वाटतं, पण आपलं ते काम नाही. मग मी मागितलं की निदान कंपनीच्या कागदावर लिहून द्या की पानं आमच्याकडे गळली, मीनाकडे नाही. तेव्हा मात्र त्यांनी दार लावून घेतलं आणि सांगितलं, असं काही कुठे लिहून दिलंस तर दुसऱ्या दिवशी यायचं नाही.

भिंतीशी बोलल्यासारखं झालं. ही मंडळी माझ्या वाचकापेक्षा वेगळी नाहीत, मीने. एकदा सांगितलेलं करत सुटतात.

मी पुढच्या रविवारी येते. कल्याणहून एसटीने मुरबाड, पुढे जीप. लिहून आणते, माझ्या नावाने. वाडीला गोळा कर. तुला काही बोलायला लागू नये, मीच बोलेन.

कुणाली


वाशिंद,
२ मे

मीने,

परत आल्यापासून लिहीन लिहीन म्हणते आहे. अंगठ्याची जांभळी शाई अजून पुरती गेलेली नाही, भांडी घासूनसुद्धा.

मला वाटलं होतं मी वाडीपुढे उभी राहीन, घडाघडा सांगेन, माणसं ओरडतील, मी ऐकून घेईन. कोणी ओरडलंच नाही. मंगळ्यादादांनी बसायला घोंगडी टाकली, मला पाणी दिलं, त्याच झऱ्याचं. मग तू माझा कागद मोठ्याने वाचलास. माझी वाक्यं तुझ्या तोंडून ऐकताना कळलं की मीही यंत्रासाठी लिहितात तसंच लिहून आणलं होतं. ‘सदर पाने प्रक्रियेत वगळली गेली.’ हिरीबायने तिथेच थांबवलं. “कोणी वगळली?” मी म्हटलं, मी. “मंग तसं लिव.” तिथे बसून पुन्हा लिहिला. ‘मीनाने सगळी पाने दिली होती. मी लिहिलेल्या ओळीमुळे अंगठ्यांची पाने काढली गेली. मीनाचा दोष नाही.’ आठवडाभर डोकं खपवून मला जमलं नव्हतं ते त्यांनी तीन वाक्यांत करून घेतलं.

आणि मी सहीसाठी पेन काढलं तेव्हा काय म्हणाल्या ते तुला आठवत असेलच, पण मला लिहून ठेवायचं आहे. “सही आमाला वाचता येत नाय. आंगठा दे. पाठीवर.”

शाळेत पहिल्या दिवशी नाव लिहायला शिकले त्यानंतर कोणी माझा अंगठा मागितला नव्हता. मी पॅडवर अंगठा टेकवला आणि कागदाच्या पाठीवर उमटवला.

आता इकडचं. कागद सुनावणीत जाणार आहे हे मी सरांना स्वतःच सांगितलं, लपवून काय करायचं? सोमवारपासून येऊ नको म्हणाले. ऑफिस सोडण्याआधी मी ती ओळ बदलून टाकली होती. हर्षितने दुपारी कळवलं की सरांनी पुन्हा होती तशी केली. म्हणजे आज या घडीला कुठे तरी कोणाचा तरी अंगठा रिकामा म्हणून गळतो आहे आणि एजंट म्हणतो आहे, काम यशस्वी. या विचाराने मला चीड येते, झोप येत नाही. कारखान्यात विचारून आले. पॅकिंगला जागा आहे.

तारखेला काय झालं ते लगेच कळव. टाकीपाशी उभी राहून ओरडलीस तरी चालेल.

कुणाली


भोकरवाडी,
१६ मे

कुणे,

निकाल अजून नाही. आधी तेच सांगते, म्हणजे तू पत्राच्या शेवटाकडे उडी मारणार नाहीस. जागा पाहायला माणूस पाठवतो म्हणाले आहेत. कधी, ते देवाला ठाऊक. क्रशरवाल्याने रस्ता खणायला मशीन आणून ठेवलंच आहे. मला इतका संताप येतो की अंगणवाडीत पोरांना गोष्ट सांगतानाही दात खाते.

पोरं मात्र सगळी येतात आता. आणि परवा मंगळ्यादादा जीपवाल्याला सांगत होता, “पुढची जागा ठेव रे, आमची मीना येते मुरबाडला.” मी समजायचं ते समजले.

तर सुनावणी. साहेब तोच. पहिल्यांदा म्हणाला, ऑनलाइन आलं ते आलं, आता कागद घेता येत नाहीत. मी म्हटलं, साहेब, घेऊ नका, नुसते बघा. आणि मूळ कागदांचा गठ्ठा त्याच्या पुढ्यात ठेवला, वरती तुझा. त्याने तो वाचला. कपाळाला आठी घालून पुन्हा वाचला. मग माझ्याकडे सरकवून म्हणाला, “यावर सहीच नाही. हे कोणाचं म्हणायचं मी?”

मी तोंड उघडणार, तेवढ्यात खाली फरशीवर बसलेली हिरीबाय बोलली. खुर्ची दिली होती तिला, तिने घेतली नाही.

“उलटं करा, साहेब.”

त्याने उलटं केलं. कोरं पान आणि मधोमध तुझा जांभळा अंगठा, जरासा हललेला. कारकुनाने मान लांब करून बघितलं. क्रशरवाला आज फोनमध्ये नव्हता.

साहेबाने तुझा कागद बाजूला ठेवला आणि गठ्ठ्यातला पुढचा घेतला. तो हिरीबायचा होता. पुढचा मजकूर वाचून झाल्यावर, कोणी काही सांगितलं नाही, तरी त्याने तो उलटला. मग त्याच्या खालचा घेतला, तोही उलटला.

तुझी,
मीना